ठमी उगाच का उठते

“मॅडम, ही भुंकत का नाही?”

कर्णिक साहेबांनी हा प्रश्न मला आधीही विचारला होता. आम्ही भिवंडीजवळ मानकोलीच्या एका मोठ्या गोदामाच्या कंट्रोल रूममध्ये उभे होतो. भिंतभर कॅमेऱ्यांचे स्क्रीन, स्क्रीनसमोर खुर्चीत हवालदार बाळू खोडके, आणि खुर्चीला टेकून माझी काळी लॅब्राडोर ठमी, अंगात लाल जॅकेट घालून. कर्णिक साहेब तिथले साइट मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण पक्का भिवंडीचा. भिवंडीत गोदामाचा कुत्रा म्हणजे भुंकणारा कुत्रा. ट्रक आला की भुंकला पाहिजे, ड्रायव्हर खाली उतरला की आणखी भुंकला पाहिजे. मी स्वतः माझ्या गावी, अंजूरला, असे कुत्रे वर्षानुवर्षं तयार करून दिलेत, तेव्हा मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

“साहेब, ही राखणीची नाही. भुंकायचं नाही हेच हिचं शिक्षण,” मी म्हटलं.

“मग आता हे काय चाललंय?”

ठमी उठून हवालदारांच्या मांडीला नाकाने ढुसण्या देत होती. खोलीत काहीएक झालं नव्हतं. जेवणाची सुट्टी सुरू झाली होती, बाहेर कामावरची मुलं-मुली डबे उघडत होती, हवालदार गुपचूप स्क्रीन बघत होते. मी “बस” म्हटलं. ठमी बसली आणि लगेच पुन्हा उठली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि बाईसाहेब मॅनेजरसमोर असा तमाशा करतायत.

कर्णिक साहेबांनी आवाज खाली आणला. “मॅडम, स्पष्ट बोलतो. हवालदारांना ड्युटीवर दोनदा पॅनिक अटॅक आला. एकदा तर टेबलाखाली सापडले. कंट्रोल रूमला असा माणूस चालत नाही. महिनाअखेरीस मला वर उत्तर द्यायचंय. कुत्र्यामुळे फरक पडला तर मी भांडून त्यांना ठेवून घेईन. नाही पडला तर माझ्या हातात काही नाही.”

हे सगळं हवालदारांच्या समोरच चाललं होतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

थोडं मागचं सांगते. हवालदार शहापूरकडच्या डोंगरातल्या एका आदिवासी पाड्यावरचे. तिथून फौजेत गेलेले ते पहिलेच. जंगलातल्या गस्तीत सुरुंग फुटला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता कृत्रिम पाय आहे, पट्ट्याने बांधलेला. त्या पायाने ते माझ्यापेक्षा भराभर जिने चढतात. पायाचं दुखणं त्यांनी कधीच मागे टाकलंय. दुसरं दुखणं वेगळं होतं. अचानक अंगाला घाम फुटायचा, श्वास लागायचा, हात त्या पट्ट्याकडे जायचा, आणि मग माणूस समोर असून नसायचा. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनीच माझं नाव सुचवलं.

सर्व्हिस डॉग म्हणजे पाळीव कुत्रा नव्हे आणि राखणीचाही नव्हे. त्याला एका माणसासाठी ठरावीक कामं शिकवलेली असतात. ठमीला मुख्यतः दोन यायची. मी कामांना मराठीच नावं ठेवते. “आड” म्हटलं की ती हवालदार आणि गर्दी यांच्या मध्ये आडवी उभी राहते, म्हणजे कोणी एकदम अंगावर येत नाही. “दाब” म्हटलं की पुढचे पाय आणि डोकं त्यांच्या मांडीवर ठेवून सगळं वजन टाकते. त्या वजनाने धाप लागलेल्या माणसाला आपण कुठे बसलोय याचं भान येतं. चांगला कुत्रा आज्ञेची वाट बघत नाही. माणसाचा श्वास बदलला, अंगाचा वास बदलला की स्वतःच उठतो. ही त्यांची अक्कल आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. मी इतकी वर्षं बघतेय, तरी दरवेळी थक्क होते.

आता सुरुंगाने जखमी झालेला माणूस म्हटल्यावर तुम्हीही तेच धराल जे मी धरलं. माणूस आवाजाला घाबरत असणार. म्हणून अंजूरच्या माझ्या अंगणात मी ठमीला आवाजाला पक्की केली. पत्रे पाडले, फटाके वाजवले, ट्रकांचे हॉर्न ऐकवले. जगबुडी झाली तरी ही कान हलवायची नाही, अशी तयार केली. हवालदार अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि पत्रा पडला की हसायचे. “मॅडम, शेजारची म्हातारी शिव्या घालंल,” म्हणायचे. त्यांना काही होत नव्हतं. मला वाटलं, वा, ठमीमुळे गुण आला.

त्यांच्या घरी मात्र सगळं उलटं व्हायचं. ते राहायचे भिवंडीत, कापड विणणाऱ्या लूमच्या एका कारखान्याला लागून. मधली भिंत एकच. पलीकडे दिवसरात्र लूमची खटखट, अलीकडे कपातला चहा सुद्धा थरथरतो. त्यांच्या पत्नी मंदाताई शाळेत शिक्षिका. पहिल्या भेटीत मला त्यांचं बोलणंच ऐकू येईना. त्या मात्र निवांत बोलत होत्या. “सवय होते हो. आम्हाला तर ऐकूही येत नाही,” म्हणाल्या.

अशा गोंगाटात मी कुत्र्याला काय डोंबल शिकवणार? म्हणून मी घरच्या भेटींना शुक्रवार ठरवला. शुक्रवारी लूम बंद असतात, मोहल्ला शांत असतो. मंदाताई शाळेतून लवकर यायच्या. काम मस्त होईल असा माझा हिशोब. गोदामातही कर्णिक साहेबांनी मला जेवणाच्या सुट्टीची वेळ दिली होती, कारण तेव्हा सामान वाहणारा कन्व्हेयर बेल्ट थांबतो आणि जरा बोलता येतं. आणि शुक्रवारी घरी, सुट्टीत गोदामात, ठमी उगाच उठायची, ढुसण्या द्यायची, अंगावर चढायची. हवालदारही तेव्हा घामाघूम असायचे. मी समजायचे, कुत्रा त्रास देतोय म्हणून माणूस वैतागलाय.

“मंदाताई, यांना थोडे दिवस अंजूरला पाठवा,” मी शेवटी म्हटलं. “खाडीच्या बाजूला माझी खोली रिकामी आहे. या खटखटीत चांगल्या माणसाचं डोकं फिरेल.”

आले. आणि अंजूरला तर पार बिघडलं. गोदामांची बांधकामं अजून आमच्या बाजूला पोचलेली नाहीत. दुपारी जेवण झालं की शेतात चिटपाखरू नसतं. त्या दुपारी हवालदार ओसरीवर बसले होते आणि ठमी त्यांच्या अंगावर अर्धी चढलेली. मी न सांगता. हवालदारांचा शर्ट ओला झालेला. मी चहा विचारला तर म्हणाले, “मॅडम, मला घरी जाऊंद्या. हितं न्हाय राहवत.” मला वाटलं, बायकोची आठवण येते. मंदाताईंना वाटलं, जेवण आवडत नाही. कर्णिक साहेबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “मॅडम, कुत्राच बदला.”

मी बदलणारही होते. दुसरा कुत्रा तयार करायला महिने लागतात, आणि हवालदारांपाशी महिने नव्हते. पण जो कुत्रा कारण नसताना उठतो, तो ड्युटीवर कसा ठेवणार? आमच्या भाषेत याला खोटा इशारा म्हणतात आणि खोटा इशारा देणारा कुत्रा नापास.

ठमीला परत न्यायला मी गेले तो वार बुधवार होता. मुद्दाम नाही. शुक्रवारी मला दुसरीकडे जायचं होतं, एवढंच.

लूम चालू होते. हवालदार पलंगावर बसून पायाचा पट्टा पुसत होते. ठमी पलंगाखाली घोरत होती, चारी पाय वर करून. मंदाताई पोह्यांना फोडणी देत होत्या. घरात हवालदारांना मी इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. ठमीला न्यायला आलेय हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी पोहे खाऊन सांगू म्हटलं.

तेवढ्यात लाइट गेली.

घरात अंधार झाला नाही. मंदाताईंनी इन्व्हर्टर बसवून घेतला होता, कारण लाइट गेली की यांना त्रास होतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बल्ब तसाच चालू राहिला. पण भिंतीपलीकडचे लूम सगळे एकदम थांबले. मी इतके दिवस या घरी येत होते, पण ते थांबताना पहिल्यांदाच ऐकले. कानात दडे बसल्यासारखं झालं.

ठमी पलंगाखालून बाहेर आली. हवालदार अजून पट्टाच पुसत होते, चेहरा होता तसाच. तिने पाय टाकले, डोकं ठेवलं, वजन टाकलं. आणि त्यानंतर, तिच्या मागून, त्यांचा श्वास वाढला. घाम फुटला. मंदाताई धावत आल्या आणि सवयीने टॉर्च शोधायला लागल्या. डोक्यावर बल्ब लख्ख जळत होता.

“मंदाताई, टॉर्च राहू द्या,” मी म्हटलं. “यांना अंधाराचं काही नाही. लूम थांबले.”

भिवंडीत लाइट गेली की लूम थांबतात, आणि लूम थांबले की लाइट गेली असं माणसं समजतात. या दोन गोष्टी कोणी वेगळ्या करतच नाही. म्हणून त्या बाईने पै पै साठवून उजेड विकत घेतला. आणि मी काय केलं होतं? शुक्रवार निवडला, जेवणाची सुट्टी निवडली, अंजूरची दुपार निवडली. जिथे जिथे शांतता, तिथेच त्यांना नेऊन बसवलं. ठमी एकदाही खोटा इशारा देत नव्हती.

हवालदार सावरल्यावर मी विचारलं, “तुम्हाला हे माहीत होतं?”

ठमीचे कान चोळत ते बोलले. “आमच्या पाड्यावर एक रीत हाय मॅडम. रानात किडे वरडत असतात, पाखरं वरडत असतात. ती समदी एकदम गप झाली का कोणी पाऊल टाकायचा न्हाय. म्हातारा असू दे, पोर असू दे. वाघ जवळ हाय असं समजायचं. आम्ही लहानपणापासून तसंच चालतो.”

“मग?”

“त्या दिवशी आम्ही एका रांगेत चाललो व्हतो. मी पुढं. रान एकदम गप झालं. मी हात वर केला, मागचे थांबले. पण माझा पाय उचललेला व्हता. तो पडला. धमाका मला आठवत न्हाय. रान गप झालं, तेवढाच आठवतंय.”

“आणि मागचे?”

“समदे घरी गेले. चालत.”

मंदाताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं. मी कुत्र्यांसमोर कधी रडत नाही, ते गोंधळतात. त्या दिवशी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. हा माणूस हे सगळं पोटात ठेवून मानकोलीला स्क्रीनसमोर बसत होता, आणि जेवणाच्या सुट्टीत मी नसले की नाक्यावर जाऊन ट्रकांच्या हॉर्नमध्ये उभा राहायचा. आम्ही समजायचो चहाची तलफ आहे.

आता कामाचं बोलायला हवं होतं. महिनाअखेर अंगावर आली होती. ठमीला शांतता कळत होती, दाबही येत होता. पण दाब पडूनही शांतता तशीच राहायची आणि हवालदार निम्मे बुडायचेच. शांतता मोडायला काहीतरी हवं होतं. भुंकणं गोदामात चालणार नाही. यावर हवालदारच म्हणाले, “हिच्या गळ्यात घुंगरू बांधला तर? आमच्या शेरडांना बांधतात. रानात शेरडू दिसला न्हाय तरी हाय ते कळतं.”

सर्व्हिस डॉगच्या अंगावर वाजणारी वस्तू बांधायची नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. मी तो सरळ गुंडाळून ठेवला आणि ठमीच्या गळ्यात घुंगरू बांधले. कुत्री आंघोळीनंतर अंग झटकतात ना, ते मी पकडलं. ठमी झटकली की खाऊ, झटकली की शाबासकी, आणि त्याला नाव दिलं “झटक”. ते पक्कं झाल्यावर शांततेशी जोडायचं होतं. त्यासाठी लूम मुद्दाम बंद करायला हवे होते. मी भिंतीपलीकडे गेले. कारखान्याचे मुकादम अन्सारीभाई माझ्याकडे बघतच राहिले.

“मॅडम, कुत्ते के वास्ते लूम बंद करूँ? सेठ मेरेकू पागल बोलेगा.”

“कुत्ते के वास्ते नहीं भाई, फौजी के वास्ते.”

त्यांनी पान बाहेर टाकलं आणि मेन स्विचकडे गेले. “फौजी का मामला है तो पहले बोलना था. कब कब बंद करना है?”

मग दुपारी मध्येच लूम थांबायचे, इकडे घुंगरू वाजायचे, मी खाऊ द्यायचे, आणि पुन्हा खटखट सुरू. तिकडचे कारागीर दारात येऊन ठमीला बघायला लागले. तिला हे काम इतकं चटकन समजलं की मलाच शिकवणी लावावी असं वाटलं.

कर्णिक साहेबांसमोर ठमीची परीक्षा घ्यायची होती, पण ती आम्ही ठरवलेल्या दिवशी झालीच नाही. त्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या शिफ्टला मी कर्णिक साहेबांना घुंगराचं समजावत होते आणि ते कपाळाला हात लावून ऐकत होते. “आधी भुंकत नव्हती, आता वाजणार?” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गोदामांच्या सगळ्या पार्कची वीज गेली. बेल्ट थांबला, छताचे पंखे थांबले. जनरेटर लगेच सुरू होतो, कर्णिक साहेब म्हणाले, पण तो झालाच नाही. कंट्रोल रूमचे स्क्रीन तेवढे बॅटरीवर चालू राहिले.

एवढं मोठं गोदाम एकदम गप झालं. हवालदारांचा हात पट्ट्याकडे गेला. कर्णिक साहेब पुढे व्हायला लागले, मी त्यांचा दंड धरला. “थांबा. तिचं काम तिला करू द्या.”

ठमी उठली. अंग झटकलं. घुंगरू वाजले. हवालदारांची मान वळली. तिने मांडीवर वजन टाकलं आणि पुन्हा एकदा डोकं हलवून घुंगरू वाजवले, हे मी शिकवलेलं नव्हतं. हवालदारांनी तिच्या मानेत बोटं रुतवली. डोळे मिटले. ओठ हलत होते. “हाय, हितंच हाय,” एवढं मला ऐकू आलं.

मग डोळे उघडले ते स्क्रीनवर. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो, स्क्रीनकडे आमचं लक्षच नव्हतं. आत रॅकमध्ये अंधार, मुलं-मुली मोबाइलचे टॉर्च लावून डॉककडे निघालेली. डॉक म्हणजे ट्रक पाठ लावतात तो ओटा. तिथे एक कंटेनर मागे येत होता. ड्रायव्हरला थांबवणारा लाल दिवा विझलेला. त्याच्या मागेच ओट्यावरून दोन मुली खाली उतरत होत्या.

हवालदारांनी एका हाताने वॉकीटॉकी उचलला, दुसरा ठमीच्या मानेवरच. आवाज चढवला नाही. “डॉक सात, गाडी रोको. पीछे मत लो. जहाँ है वहीं ब्रेक मारो.” गाडी थांबली. मग आतल्या सगळ्या वॉकीटॉकींवर: “अंदर सब लोग सुनो. कोई कदम नहीं उठाएगा. जिथे आहात तिथेच उभे राहा. मी सांगतो तेव्हाच हलायचं.”

स्क्रीनवरचे टॉर्च एकेक करून जागीच थांबले. मग हवालदार एकेका रांगेला बाहेर काढत गेले, नावं घेऊन, सावकाश. त्या दोन मुली ओट्यावर परत चढल्या. कर्णिक साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जनरेटर सुरू झाला, बेल्ट हलला, तेव्हा ते खुर्चीपाशी गेले. हवालदारांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“हवालदार, तुम्ही ठीक आहात ना?”

“ठीक न्हाय, साहेब,” हवालदार म्हणाले. “पण ड्युटीवर हाय.”

कर्णिक साहेब बाहेर गेले आणि दारातूनच वर फोन लावला. “माणूस राहणार,” एवढंच मी ऐकलं. “हो, कुत्र्यासकट. नाही, भुंकत नाही.”

ही गोष्ट सांगितली की लोक मला हमखास विचारतात, कुत्र्यामुळे माणूस बरा होतो का? मी सरळ नाही म्हणते. हवालदार बरे झालेले नाहीत, बहुतेक होणारही नाहीत. बरं करणं हे डॉक्टरांचं खातं. माणूस बरा नसताना त्याला ड्युटीवर ठेवणं हे माझ्या कुत्र्यांचं, आणि त्यात ठमीची अजून एकही सुट्टी झालेली नाही.